लेखक व्हायचंय, पण कुणी प्रोत्साहन देत नाही. प्रेरणा कुठून आणू?

प्रोत्साहन देणारी माणसं फारशी कामाची नसतात. "छान लिहितोस, लिहीत राहा" म्हणतात, चहा पितात आणि जातात. तुम्ही लेखक झालात काय, न झालात काय, याच्याशी देणंघेणं नसलेला, पण गोष्टीत पुढं काय झालं ते कळल्याशिवाय चैन न पडणारा एक माणूस गाठा.

मी एसटीत कंडक्टर होतो. मुक्कामाची गाडी असली की रात्री शेवटच्या गावी पोचायचं, पैसे मोजायचे, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं करायचं आणि गाडीतच सीटवर आडवं व्हायचं. मी आडवं व्हायच्या ऐवजी लाइटखाली लिहीत बसायचो. ड्रायव्हरमामा मागच्या लांब सीटवरून ओरडायचे, "बंद करा तो लाइट! बॅटरी उतरली तर पहाटे गाडी ढकलायला तुमचे वाचक येणार आहेत का?" मग मी टॉर्च घेतली. एका रात्री डासांनी त्यांना झोपू दिलं नाही, तेव्हा म्हणाले, "वाचा तरी, काय लिहिताय ते."

माहेरी निघालेली बाई चुकीच्या गाडीत बसते, अशी गोष्ट होती. निम्मीच लिहून झाली होती, तेवढी वाचली. मामा काहीच बोलले नाहीत, कूस बदलून झोपले. पुढच्या वेळी ड्युटी एकत्र लागली तर केबिनचं दार उघडता उघडताच विचारतात, "काय ओ, उतरली का ती बाई?" आणि वर, "तुमचा तो ड्रायव्हर घाट उतरताना लई बोलतोय. घाटात कोण एवढं बोलतंय?" मी त्या ड्रायव्हरचे सगळे संवाद काढून टाकले. गाडी गप्प उतरायला लागली आणि त्या बाईची भीती आपोआप दिसायला लागली. ती गोष्ट एका दिवाळी अंकाकडून साभार परत आली, दुसऱ्याने छापली. मानधन म्हणून अंकाची एक प्रत. ती मामांनी नेली, अजून दिलेली नाही.

आमचे दाजी मराठीचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं, लेखनाला बैठक लागते, वातावरण लागतं, गाडीत बसून साहित्य होत नसतं. अहो दाजी, नारायण सुर्व्यांनी गिरणीत काम केलं, शाळेत शिपायाची नोकरी केली. 1962 साली त्यांचा पहिला संग्रह आला आणि 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांना कुठलं वातावरण होतं? आणि तुम्ही वर्गात ज्या बहिणाबाई शिकवता, त्यांना अक्षरओळखसुद्धा नव्हती. शेतात नि जात्यावर ओव्या सुचायच्या, घरातली माणसं टिपून ठेवायची. त्या 1951 ला गेल्या, मग त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली आणि 1952 ला पुस्तक निघालं. दाजींकडे सागवानी टेबल आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. कादंबरी मात्र अजून "डोक्यात तयार आहे".

आता हेही खरं की मी मुक्कामाला असायचो तेव्हा पोरांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, नळाला पाणी कधी येतं, हे सगळं आमची ही बघायची. तिला गोष्ट लिहायची असती तर टॉर्चवर भागलं नसतं. तुम्ही बाई असाल, घरात लहान मूल असेल, तर माझं हे बोलणं जरा सैल करून घ्या. आणि लेखन शिबिरांना जाऊन काहींना फायदा झालेला मी पाहिला आहे, दाजी नेहमी जातात ते सोडा.

प्रेरणेचं विचारलंत, तर ते मला नीट सांगता येणार नाही. पण दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, गणपतीनंतर पाठवलेली गोष्ट पुढच्या वर्षावर जाते. तेव्हा आषाढाच्या आत एक तरी पुरी करा, टाइप करून मेल करा. आणि "अमुक एवढी वर्गणी भरा, मग छापतो" असं कुणी म्हणालं, तर तिथं पाठवू नका.