लेकीला वेस्टर्न एसोटेरिसिझम शिकायला ॲमस्टरडॅमला जायचंय, कर्ज काढून पाठवू का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. लेक टीवाय बीएला आहे, हिस्ट्री घेतलंय, आणि तिला ॲमस्टरडॅम युनिव्हर्सिटीत वेस्टर्न एसोटेरिसिझममध्ये, म्हणजे पाश्चात्त्य गूढविद्येत, एमए करायचंय. तिचे मामा अंनिसचं काम करतात, त्यांचं म्हणणं ही जादूटोण्याची डिग्री आहे, आणि तुमची काळजी वेगळीच, की कर्ज काढून पाठवलं तर पुढे नोकरी काय.

आधी मामांचं बघू. तिथे मंत्रतंत्र शिकवत नाहीत हो, हा सरळ इतिहासाचा विषय आहे. अल्केमी म्हणजे किमया, ज्योतिष, रोझिक्रुशियन नावाचा गूढ पंथ, थिऑसॉफी ही एकोणिसाव्या शतकातली अध्यात्मिक चळवळ, असले युरोपातले विचार चर्चने नाकारले, नंतर विद्वानांनीही टाकून दिले, तर ते आले कुठून, कोण वाचत होतं, त्यातून काय घडलं हे कागदपत्रांवरून शोधायचं. मामांना एक गोष्ट जरूर सांगा. 1463 मध्ये फ्लॉरेन्सला फिचिनो नावाच्या विद्वानाने हर्मेटिक, म्हणजे हर्मीस नावाच्या पौराणिक ऋषीच्या नावावरचे, ग्रंथ ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणले, तेव्हा सगळ्यांची समजूत की हे बायबलमधल्या मोझेसच्या काळातलं अतिप्राचीन ज्ञान आहे, आणि 1614 मध्ये इझाक कासोबाँ नावाच्या विद्वानाने निव्वळ त्या ग्रंथांची भाषा तपासून दाखवलं की हे ख्रिस्तानंतरच्या काळातलं लिखाण आहे. मामा जी चिकित्सा करा म्हणून गावोगाव सांगतात ती हीच की! आणि न्यूटनने अल्केमीवर ढीगभर लिहून ठेवलंय, ते कागद 1936 मध्ये लिलावात निघाले तेव्हा अर्थतज्ज्ञ केन्सने त्यातले बरेच मिळवले, आता ते केंब्रिजला आहेत. ते न वाचता न्यूटन पूर्ण कळत नाही.

आता नोकरी. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. या विषयाची प्राध्यापकपदं जगात मोजकी आहेत. पॅरिसला 1965 मध्ये, ॲमस्टरडॅमला 1999 मध्ये चेअर, म्हणजे या विषयाचं खास प्राध्यापकपद, सुरू झाली, आणि इंग्लंडमधल्या एक्सेटर युनिव्हर्सिटीतलं केंद्र तर त्याचे प्रमुख गुडरिक-क्लार्क 2012 मध्ये गेले आणि नंतर बंदच पडलं. 2024 मध्ये तिथे जादू आणि ऑकल्ट म्हणजे गूढविद्येच्या इतिहासावर नवीन एमए आलंय, पण बघा, एका माणसावर अख्खं केंद्र उभं होतं. म्हणून या एका नावाच्या एक वर्षाच्या एमएसाठी मोठं कर्ज काढू नका असंच माझं मत आहे, युरोपबाहेरच्या मुलांना फी कितीतरी जास्त पडते.

पण तिला नाही म्हणू नका, रस्ता थोडा लांबचा घ्या. इथेच हिस्ट्रीत एमए करू दे, सोबत नेट-जेआरएफची तयारी, आणि आजपासून भाषा. मोडी न येता पेशवे दफ्तरात बसून जे होईल तेच लॅटिन न येता या विषयात होतं. लॅटिन ऑनलाइन शिकता येतं, जर्मन किंवा फ्रेंच पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला, मॅक्सम्युलर भवनला नाहीतर आलियाँस फ्राँसेजला. या भाषा आणि जुनी हस्तलिखितं वाचायची सवय असली की अर्काइव्ह, दुर्मीळ ग्रंथांची लायब्ररी, म्युझियम, प्रकाशन अशी दारंही उघडी राहतात, पदं तिथेही भरपूर नाहीत पण प्राध्यापकीपेक्षा वाटा जास्त.

आणि एमएच्या प्रबंधाला विषय घरचाच आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ब्लाव्हाट्स्की बाई आणि कर्नल ऑल्कट 1879 मध्ये मुंबईत आले, त्याच ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक मुंबईतून निघालं, 1882 मध्ये मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला, तिथली लायब्ररी आजही आहे. त्या तीन-चार वर्षांत मुंबईचे मराठी लोक या मंडळींबद्दल काय म्हणत होते, मराठी पत्रांत काय छापून येत होतं, हे शोधायला मराठी वाचता यायला हवं, आणि युरोपातल्या किती अभ्यासकांना ते येणार! तिची खरी ताकद ही आहे, ॲमस्टरडॅमचा अर्ज या कामाच्या जोरावर करू दे. तेव्हा दोन वर्षांचं रिसर्च मास्टर्स स्कॉलरशिपवर मिळतंय का बघायचं, किंवा थेट पीएचडी, नेदरलँड्समध्ये पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. कोर्स आणि अटी दरवर्षी बदलतात, अर्जाआधी युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघून घ्या.

सध्या तिला लॅटिन सुरू करू दे. सहा महिन्यांनी व्याकरणाचा कंटाळा न येता ती अजून त्यात रमलेली असेल तर मला परत लिहा, मग प्रबंधाचा विषय आणि गाइड कोण घ्यायचा ते बोलू.