वासराला पिवळी हगवण लागली तर

पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान पिवळी, पाण्यासारखी हगवण लागली की बहुतेक वेळा रोटा किंवा कोरोना विषाणूचा संशय घ्यायचा. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. वासरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, म्हणून आधी पाणी भरून काढा.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे खोल गेलेले दिसले, तर पाणी कमी पडलंय. तोंडात बोट घातल्यावर चोखत असेल तर तोंडाने पाजा: एक लिटर कोमट उकळलेल्या पाण्यात मेडिकलमधलं ओआरएसचं एक लिटरचं पाकीट. तीस किलोच्या वासराला असं दिवसातून दोन-तीनदा. चोखत नसेल, तोंड गार लागत असेल, तर जबरदस्तीने ओतू नका, फुफ्फुसात जाईल. लगेच डॉक्टर बोलवा, सलाईनच लागेल.

दूध बंद करू नका. उपाशी वासरू आणखी खचतं. फक्त दूध आणि ओआरएस यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आजारी वासरू वेगळं बांधा, त्याचं खाणं-पिणं, साफसफाई सगळं बाकीच्या वासरांनंतर करा.

हे पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्या वेताला मात्र वार (जार) पडायची वाट बघत चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, अडवून धरू नका (ही खोड अजून जात नाही!). पहिल्या दोन तासांत दीड लिटर, बारा तासांत तेवढाच पुन्हा.