एसएसडी टाकू की हार्ड डिस्क? वाचकांचे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात लॅपटॉप दुरुस्तीला बसतो. येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच गोंधळाचे असतात, फिरत्या तबकडीवर साठवणारी हार्ड डिस्क की चिपांवर साठवणारी एसएसडी, म्हणून या वेळी ते सगळे एकदम घेतो.

लॅपटॉप सहा वर्षांचा, १ टीबी हार्ड डिस्क, रॅम ४ जीबी. सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार नवाच घ्या म्हणतो. (कळवा)

आधी एसएसडी टाकून बघा. लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी असते. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली तबकडीवरून गोळा कराव्या लागतात आणि सगळा वेळ हेडच्या, म्हणजे वाचणाऱ्या टोकाच्या, धावपळीत जातो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. रॅमही ८ करा, नाहीतर काम अर्धवट राहील. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेव्हा खालचं झाकण न उघडताच कुणी ‘होऊन जाईल’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

५१२ जीबीची एसएसडी घेतली, विंडोज ४७६ दाखवतं. फसवलं का? (वाशी)

नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

एसएसडी दर आठवड्याला डीफ्रॅग करू का? (कोपरी)

अजिबात नको. डीफ्रॅग म्हणजे तबकडीवर विखुरलेले फायलींचे तुकडे सलग लावणं, आणि एसएसडीत तबकडीच नाही.

एनव्हीएमई ‘सहापट वेगवान’ म्हणून जास्त पैसे सांगितले. घेऊ? (ऐरोली)

आकडा खोटा नाही. साटा म्हणजे जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई म्हणजे नव्या जोडणीची ३५०० आणि त्याहूनही जास्त. पण हा वेग मोठी फाइल सलग कॉपी करतानाचा. टॅली आणि ब्राउझर वापरणाऱ्याला फरक जाणवायचा नाही. खरी पंचाईत निराळीच आहे. एम.२ या चपट्या पट्टीच्या आकारात दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्याच दिसतात आणि स्लॉट फक्त साटाचा असला तर एनव्हीएमई ओळखलीच जात नाही. लॅपटॉप सोबत न्या, ‘न चालल्यास परत’ असं बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन २ टीबीची पोर्टेबल एसएसडी ९९९ रुपयांत मिळतेय. (नेरुळ)

नको! असली एक डबी मी उघडली होती. आत यूएसबीच्या बोर्डात खोचलेलं एक मेमरी कार्ड आणि हाताला वजन लागावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. संगणकाला ती बिनदिक्कत २ टीबी सांगते. खरी जागा संपली की जुन्यावर नवं लिहीत सुटते. फायलींची नावं दिसतात, फायली उघडत नाहीत.

हार्ड डिस्क तीन आठवडे टकटक आवाज करतेय. वडिलांचे फोटो आहेत. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून मग एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) करा, असं एका व्हिडिओत पाहिलं. करू? (घोडबंदर रोड)

तीन आठवडे! हे वाचून होईपर्यंतही लॅपटॉप चालू ठेवू नका.

हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपला केस याच्या हजारो पट जाड असतो. टकटक म्हणजे हेड जागा शोधतंय, सापडत नाही, मागे येऊन पुन्हा धडपडतंय. एक गृहस्थ अशीच डिस्क महिनाभर ‘चालतेय तोवर’ म्हणून वापरत होते. उघडली तेव्हा काचेच्या तबकडीवरचा थर गोल खरवडला गेला होता. त्या कड्यातून पलीकडचं माझं बोट दिसत होतं. खाली काळी पूड. त्यांचा डेटा म्हणजे ती पूड. ती काय परत जोडणार?

आणि फ्रीजर? ठाण्यात जुलै महिन्यात फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवा, दोन मिनिटांत तिला पाणी सुटतं. तेच पाणी तबकडीवर हवंय का? क्लोनिंगचं साधं सॉफ्टवेअरही इथे वैरीच, कारण खराब जागी अडलं की तेच पुन्हा पुन्हा वाचत बसतं आणि उरलंसुरलं हेड जातं. डिस्क काढा, अँटिस्टॅटिक पिशवीत घाला आणि क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या. माझ्या टेबलावरही उघडायला आणू नका.

एसएसडी घेतली म्हणजे सुटलो, असंही समजू नका. हार्ड डिस्क निदान टकटकून सांगते. एसएसडी रात्री धडधाकट असते आणि सकाळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतच नाही. पुसलेल्या फायलींचंही तसंच. ट्रिम या विंडोजच्या आदेशामुळे ती जागा आतून रिकामी होते, मग रिकव्हरीवाल्याच्याही हाती बहुधा काही लागत नाही. दुसरी प्रत हवीच, आणि ती आजच करा.

एसएसडी टाकली. जुनी हार्ड डिस्क दुकानदार ५०० रुपये कमी करून ठेवून घेतो म्हणाला. देऊ? (खारघर)

देऊ नका, तुमचा सगळा संसार तिच्यात आहे. २.५ इंची यूएसबी केसमध्ये घालून फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरा. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर चालवा. निळ्याऐवजी पिवळा रंग दिसला तर तिच्यावर काही ठेवू नका, कुणा जाणकाराला दाखवा.