“चालेल ना हो?” आणि विकायला काढलेलं अर्धा एकर

मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा. सोलापूरकडच्या एका खेड्यातलं कुटुंब (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). जन्म ३१व्या आठवड्यात, त्यानंतर काचेच्या पेटीत काही दिवस. ‘सेरेब्रल पाल्सी’ (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाली अडणं) हे शब्द कागदावर वर्षभरापूर्वीच आले होते, पण घरात “त्याचा बापही उशिराच चालला” यावर सगळं भागत होतं. समुपदेशनाला आई एकटीच आली. तिचे प्रश्न दोनच: “चालेल ना हो?” आणि “सासरे स्टेम सेलसाठी (मूळपेशी टोचण्याच्या उपचारासाठी) अर्धा एकर विकायला निघालेत, काय सांगू त्यांना?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यामार्फत पाठवण्यात अर्थ नव्हता. सुनेनं दवाखान्यातून आणलेली माहिती घरात कुणी मोजत नाही, आणि बहुतेक घरांत घोडं इथंच अडतं. म्हणून पुढच्या वेळी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सोबत आणायला सांगितलं.

आबांना सांगितलं ते असं. मेंदूला इजा एकदाच झाली आहे, ती वाढत जाणार नाही. मात्र स्नायू आखडत जातात, नीट चालू न शकणाऱ्या मुलांत खुबा निसटू शकतो, म्हणून ठरावीक काळानं खुब्याचा एक्स-रे लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारासाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, आणि खरं संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. “मग लाखांत मागतात ते?” आबांनी विचारलं. उत्तर त्यांनीच ओळखलं.

चालण्याबद्दल खोटा दिलासा दिला नाही. दोन वर्षांच्या आसपास आधाराशिवाय बसणारी बहुतेक मुलं पुढे कशीबशी का होईना चालतात. हा अजून हात टेकून बसतो, त्यामुळे चालला तरी वॉकर किंवा काठ्या लागण्याची शक्यता मोठी. हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या असतात. त्यातली याची कुठली, हे फिजिओथेरपिस्टला विचारून फाइलवर लिहून घ्यायला सांगितलं. आत बसवायचा चाकांचा गोल बेबी वॉकर मात्र त्याच दिवशी माळ्यावर टाकायला लावला; त्यात मूल चवड्यांवरच ढकलत राहतं.

मग कामं वाटली. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) थेरपीला नेणं आईकडे. तिथं तपासणी आणि उपचार मोफत असतात. कागद बापाकडे: सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज, मग वैद्यकीय मंडळासमोर तपासणी. दाखल्यावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की बऱ्याच योजना खुल्या होतात. लहान वयात दाखला तात्पुरता असू शकतो, त्यामुळे मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. ती चुकली की सगळं अडतं. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाची (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) ‘निरामय’ योजना: वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्य विमा, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते, आधीपासूनचा आजार आड येत नाही. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करता येते. पैसे नंतर मिळतात, म्हणून थेरपीच्या प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवी. नुसती बिलं जोडलेला दावा परत येतो. ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीचा अर्ज आबांनी आपणहून अंगावर घेतला, कारण सरपंच त्यांच्या ओळखीचा.

आजीकडे जेवण. ती आडवं निजवून भरवायची आणि दर महिना-दीड महिन्याला छाती भरायची. आता ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, पातळ वरणाऐवजी घट्ट मऊ भात. ठसका तरीही लागत राहिला, तर गिळण्याची तपासणी.

केंद्रातच भेटलेल्या दुसऱ्या एका आईकडून हिला सर्वांत उपयोगी गोष्ट कळली: पायाचा स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा कडक साचा) चढवताना आधी टाच पूर्ण मागे बसवायची, घोट्याचा पट्टा आधी आवळायचा, मग बाकीचे. काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाली राहिली तर स्प्लिंट बनवणाऱ्याकडून घासून नीट करून घ्यायचा, कायमचा सोडून द्यायचा नाही. अशा आयांकडून युक्त्या घ्याव्यात. औषधं आणि इंजेक्शनं मात्र डॉक्टरांनाच विचारावीत.

जमीन विकली नाही. आबांनी गावच्या सुताराकडून खुर्ची करून घेतली. पहिली उंच झाली, पाय लोंबकळत होते आणि पोरगा दोन्ही हातांनी कडा धरून बसायचा. तळव्यांखाली फळी ठोकल्यावर त्याचे हात सुटले, आणि चमचा पहिल्यांदा त्याच्या मुठीत टिकला.