‘जर्नीमन रेसलर’ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरच्या एका ताईंची शंका आहे. एका अमेरिकन माणसाचा परिचय त्यांना मराठीत लिहायचा आहे. मूळ मजकुरात त्याचं वर्णन ‘जर्नीमन प्रोफेशनल रेसलर टर्न्ड टेलिव्हिजन होस्ट’ असं केलेलं आहे. ताईंनी त्याचं ‘प्रवासी व्यावसायिक कुस्तीपटू, नंतर दूरचित्रवाणी यजमान’ असं केलं. घरच्यांनी ते वाचून विचारलं, ‘हा काय एस्टीनं कुस्तीला जात होता का?’ तर यातला कोणता शब्द चुकला, असा त्यांचा प्रश्न आहे.

एस्टीवाली शंका रास्तच आहे. ‘जर्नी’ म्हणजे प्रवास हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हात आपोआप ‘प्रवासी’कडे जातो. पण या शब्दाच्या मुळाशी आहे फ्रेंच ‘जुर्ने’, म्हणजे दिवस किंवा दिवसभराचं काम. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत तीन पायऱ्या असत. आधी शिकाऊ पोरगा, मग रोजावर काम करणारा जाणता गडी आणि शेवटी स्वतःचं दुकान थाटलेला उस्ताद. यातला मधला तो जर्नीमन. हात बसलेला, कामाला चोख, पण दुकान दुसऱ्याचं. पुढे हा शब्द खेळांत आला आणि पोटापुरतं खेळणारा, संघ बदलत राहणारा, भरवशाचा पण कधी तारा न झालेला खेळाडू असा त्याचा अर्थ झाला.

रेसलिंगमध्ये त्याला फिरतीची छटाही आहे आणि तिला कारण आहे. अमेरिकेत १९४८ साली नॅशनल रेसलिंग अलायन्स स्थापन झाली आणि लढती भरवणाऱ्या प्रवर्तकांनी आपापले इलाखे वाटून घेतले. रेसलरनं एका इलाख्यात काही महिने काढायचे, तिथल्या लोकांना त्याचा चेहरा जुना झाला की बोचकं उचलून पुढचा इलाखा गाठायचा. १९८२ साली व्हिन्स मॅकमॅहननं वडिलांकडून त्यांची रेसलिंगची कंपनी (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) विकत घेतली, टीव्हीच्या जोरावर ती देशभर पसरवली, १९८५ मध्ये रेसलमेनिया हा तिचा मोठा सोहळा पहिल्यांदा भरवला आणि हे इलाखे एकेक करून मोडीत निघाले. फिरते गडी मात्र राहिलेच. आज इथं, उद्या मेक्सिकोत, परवा जपानमध्ये.

आपल्याकडच्या नव्वदीतल्या पोरांनी असा एक गडी पाहिलाय, फक्त त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ‘खिलाडियों का खिलाडी’ या १९९६ च्या चित्रपटात अक्षय कुमारनं ज्या अंडरटेकरला लोळवलं तो मॅकमॅहनच्या कंपनीतला खरा अंडरटेकर नव्हताच. तो होता ब्रायन ली. दोन वर्षांपूर्वी, याच कंपनीच्या १९९४ च्या समरस्लॅम या कार्यक्रमात, खऱ्या अंडरटेकरसमोर नकली अंडरटेकर म्हणून उभा केला होता तोच. बऱ्याच कंपन्या, बरीच नावं, बरेच पोशाख. जर्नीमन म्हणजे काय हे शब्दकोशापेक्षा या एका माणसाच्या कारकिर्दीतून जास्त कळतं.

याला मराठी शब्द? ‘रोजंदार’ मुळाला धरून आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोजगार हमीचं काम उभं राहील. ‘पोटार्थी’त तुच्छता आहे, ‘भाडोत्री’त तर शिवीच आहे. ‘मुरब्बी’ छान वाटतो, पण तो आपण वजनदार माणसाला लावतो. मुरब्बी राजकारणी म्हणतो, मुरब्बी रोजंदार म्हणत नाही. ‘बारा गावचं पाणी प्यायलेला’ हा वाक्प्रचार मोहात पाडतो. फिरतीही आली, अनुभवही आला. पण त्यात बेरकीपणा आहे, आणि हा माणूस बेरकी आहे की भोळा हे आपल्याला मजकुरात कुणी सांगितलेलं नाही.

माझं मत ‘कसलेला’ या शब्दाला. तो आखाड्यातलाच आहे, अंगमेहनतीनं कमावलेलं शरीर आणि कमावलेली कला दोन्ही त्यात येतात, आणि त्यात कीर्तीचा दावा नाही. तारा न झाल्याची गोष्ट मात्र त्यात येत नाही, ती वेगळी सांगावी लागेल. ‘कसलेला, पण बिनीवर कधी न पोचलेला’ असं म्हटलं की झालं. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा, हा हट्ट सरकारी परिभाषेनं आपल्याला लावला. तो आपण सोडू.

एक सावधगिरी. जर्नीमन आणि जॉबर एक नाहीत. जॉबर म्हणजे नव्या ताऱ्याला मोठं करण्यासाठी हरायला ठेवलेला. त्याला मराठीत ‘पडेल’ फिट बसतो, निवडणुकीतल्या पडेल उमेदवारासारखा. जर्नीमन कधी जिंकतो, कधी हरतो, छोट्या कंपनीचा विजेतेपदाचा पट्टाही मिरवतो.

आता ‘व्यावसायिक कुस्तीपटू’. खरी गफलत इथं आहे, आणि ती ताईंची नाही, आपल्या वर्तमानपत्रांचीही आहे. व्यावसायिक म्हणजे पैसे घेऊन लढणारा, एवढंच वाचकाला कळतं. मग जत्रेत इनामाची कुस्ती मारणारा आपला पैलवान काय फुकट लढतो? फरक पैशाचा नाहीच. प्रोफेशनल रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो, हा फरक आहे. ‘फ्रीस्टाइल’ या शब्दाचीही हीच गंमत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते फ्रीस्टाइलमध्ये, आणि दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांच्या लढतींनाही लोक फ्रीस्टाइलच म्हणायचे. आज पेपरात ‘दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी’ छापून येतं, तेव्हा डोळ्यांसमोर दारासिंगवालं येतं, हेलसिंकीवालं नाही.

मग ‘नुरा कुस्ती’ म्हणावं का? नको. नुरा कुस्तीत फसवणूक आहे. दोघांना ठाऊक, बघणाऱ्याला नाही. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात आलं की सत्ताधारी-विरोधकांच्या नावानं हा शब्द दर वर्षी काढला जातो, तो याच अर्थानं. रेसलिंगचं गुपित तर १९८९ मध्येच फुटलं. क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करातून सुटका हवी म्हणून मॅकमॅहनच्या कंपनीनं न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. ठाऊक असूनही लोक बघतातच.

म्हणून रेसलिंगची जवळची सोयरीक आखाड्याशी नाही, नाटकाशी आहे. आपल्या विदर्भातलंच सांगायचं तर झाडीपट्टीची रंगभूमी बघा. वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीनंतर हंगाम, गावोगावी रात्रभर प्रयोग, प्रयोगामागे पैसे, आणि एका कंपनीतून दुसरीत जाणारे कसलेले नट. खलनायक शेवटी मरणार हे मांडवातल्या आजीलाही माहीत असतं, तरी ती त्याला शिव्या घालते. रेसलिंगमध्ये त्या खलनायकाला ‘हील’ म्हणतात. फरक एवढाच की रेसलर पडतो तेव्हा हाड खरंच मोडू शकतं.

गंमत म्हणजे बोलीभाषेनं हा गुंता केव्हाच सोडवलाय. नागपूरच्या महालात, इतवारीत कुणालाही विचारा. मातीत किंवा मॅटवर लढतो तो पहेलवान, टीव्हीवर लढतो तो रेसलर. (आणि कुठंच लढत नाही पण पोट सुटलंय, तोही पहेलवान, ‘काय पहेलवान, कुठं चालले?’) अंडरटेकरला पहेलवान म्हणणारा मला अजून भेटायचाय. तेव्हा ‘रेसलर’ हाच इथं मराठी शब्द समजा आणि ‘व्यावसायिक’ काढूनच टाका.

राहता राहिले ‘यजमान’. ताई, हा शब्द तेवढा आजच खोडा. यजमान सत्यनारायणाला बसतात किंवा ‘आमचे यजमान बाहेर गेलेत’ असं म्हणताना लागतात. ‘दूरचित्रवाणी यजमान’ म्हणजे टीव्हीशी लग्न झालेला गृहस्थ. त्याजागी सूत्रसंचालक म्हणा. पण हा माणूस टीव्हीवर नेमकं काय करायचा ते आधी बघून घ्या. प्रश्नमंजूषा किंवा गप्पांचा कार्यक्रम चालवत असेल तर सूत्रसंचालक. लढतींचं वर्णन करत असेल तर समालोचक; आपल्या जत्रेतल्या मैदानावर हलगीच्या तालात पैलवानाचं गाव, वस्ताद आणि इनाम पुकारणाऱ्याला निवेदक म्हणतात, तोही चालेल. जेसी व्हेंचुरा हा अमेरिकन रेसलर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्यामुळे रिंगणातून उठला आणि समालोचक झाला, पुढे १९९८ मध्ये मिनेसोटाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, आणि टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रमही त्यानं चालवला.

रेसलरांना हे जमतं यात नवल नाही. त्यांची निम्मी नोकरी माइक हातात घेऊन समोरच्याला डिवचण्याची असते. रॉडी पायपरनं तर १९८४ पासून रेसलिंगच्या कार्यक्रमातच ‘पायपर्स पिट’ नावाचा मुलाखतींचा अड्डा सुरू केला होता. तिथं पाहुण्या जिमी स्नुकाच्या डोक्यात त्यानं नारळ फोडला. ख्रिस जेरिकोनं १९९० पासून कॅनडा, मेक्सिको, जर्मनी, जपान असं फिरून १९९९ मध्ये मॅकमॅहनची कंपनी गाठली आणि २०१० मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘डाउनफॉल’ हा खेळ चालवला. पण त्याला जर्नीमन म्हणता येईल ते फक्त त्या पहिल्या नऊ वर्षांसाठी. नंतर तो ताराच झाला. तुमच्या माणसाचं तसं काही असेल तर ‘बिनीवर न पोचलेला’ हे शब्द गाळा.

तर परिचयाचं वाक्य असं करून बघा: ‘कंपन्या बदलत वर्षानुवर्षं रिंगणात राबलेला, बिनीवर कधी न पोचलेला हा कसलेला रेसलर पुढे टीव्हीवरचा सूत्रसंचालक झाला.’ मथळ्याला एवढी जागा नसेल तर ‘फिरता रेसलर झाला सूत्रसंचालक’ पुरे. ‘फिरता’त थोडं फेरीवाल्यासारखं वाटतं हे खरं, पण मथळ्यात खपून जाईल.