पसंतीचा अर्ज भरण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

डेहराडूनहून धाडलेले तुझे पत्र परवा नागपुरात पोचले. पहिल्या पसंतीच्या रकान्यात तू इन्फंट्री लिहिली आहेस आणि दुसऱ्यात ईएमई, म्हणजे शस्त्रे आणि वाहने दुरुस्त करणारी शाखा, लिहावे की नाही यावर अडला आहेस, कारण सोबतचे कॅडेट त्या शाखेला मिस्त्रीकाम म्हणतात. ते मिस्त्रीकाम मी सव्वीस वर्षे केले. कामठीला गार्ड्स पलटणींच्या प्रशिक्षण केंद्राजवळ वाढलेल्या मुलाला पलटणीची ओढ असणारच. त्यात मला काही सांगायचे नाही. शाखा कोणतीही घे, पण मागचे, म्हणजे पुरवठा आणि दुरुस्ती, आधी मोज.

लष्कराची ताकद सांगताना लोक तोफा आणि रणगाडे मोजतात. तू अभियंता आहेस, तेव्हा एक साधा हिशेब कर. मध्यम तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये 18 तोफा, म्हणजे सहा-सहांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे तुकड्या, असतात. 155 मिलिमीटरचा एक गोळा साधारण 43 किलोचा. प्रत्येक तोफेने दिवसाला शंभर गोळे डागायचे ठरवले, तर सुमारे 77 टन पोलाद आणि दारू रोज पुढे पोचली पाहिजे. गोळा फेकणारी दारू म्हणजे चार्ज, गोळा फोडणारा फ्यूज, डिझेल, पाणी आणि जेवण यांची गणती त्यात नाही. म्हणजे पाचटनी ट्रकांच्या सोळा फेऱ्या, त्याही घाटातून, रात्री, दिवे मालवून. कारगिलला 1999 मध्ये तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. बोफोर्सचे कौतुक सर्वांनी केले आणि ते रास्तच होते. पण व्यवहाराच्या वादानंतर त्याच तोफेच्या सुट्या भागांसाठी वर्कशॉपांनी वर्षानुवर्षे काय ओढाताण सोसली, हे फार थोड्यांना आठवते.

तू तर विदर्भाचा. अंबाझरीला गोळ्याचे कवच घडते, भंडाऱ्याला दारू तयार होते, भद्रावतीजवळच्या कारखान्यात दारूगोळा भरला जातो आणि पुलगावला साठवला जातो. 2016 च्या 31 मे रोजी पुलगावच्या डेपोत रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली, तेव्हा ती विझवायला धावलेली माणसे गेली. साठा सांभाळणे हे दुकानदारीचे काम आहे, असे पुन्हा कोणी मेसमध्ये म्हणाले, तर त्याला हे सांग.

आता माझे ऐक. कॅप्टन असताना एका तोफेच्या रिकॉइल यंत्रणेतले रबराचे सील मी हातात घेऊन पाहिले होते. तोफ डागली की नळी मागे येते, तो धक्का तेल झेलते आणि दाबाखालचा वायू नळीला पुन्हा जागेवर ढकलतो. ते तेल अडवणारे हे काळे कडे, तळहातावर मावेल एवढे. बोटांनी वाकवले तेव्हा त्याच्या काठावर केसासारख्या भेगा दिसल्या. नव्या सीलचे मागणीपत्र सात महिने पडून होते. वरून निरोप आला की अहवालात सगळ्या तोफा फिट दिसल्या पाहिजेत, आणि मी सही केली. पुढच्या सरावात चौथा गोळा डागल्यावर नळी अर्ध्यावर अडली आणि तेल तोफेच्या मागच्या पायावरून, म्हणजे ट्रेलवरून, खाली मातीत झिरपले. कोणाला इजा झाली नाही. सुभेदारसाहेबांनी चिंधीने तेल पुसले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. ती नजर मी आजही विसरलेलो नाही.

त्यानंतर तशी सही मी कधी केली नाही. पुढे दोनदा अपूर्ण अहवाल अपूर्ण म्हणूनच पाठवला, त्यापायी शेरे खराब झाले आणि मी लेफ्टनंट कर्नल म्हणूनच निवृत्त झालो. घरात अजूनही याला हट्ट म्हणतात. असेल. पण खोट्या आकड्यावर विसंबून कोणी बॅटरी पुढे नेली असती, तर तिथली माणसे कोणाच्या नावावर जमा झाली असती, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

तू लिहितोस की लष्करातल्या सुधारणांसाठी नेमलेल्या शेकटकर समितीनेच मागची फळी कमी करायला सांगितली. समितीचा हेतू लढाऊ ताकद वाढवण्याचा होता. मिलिटरी फार्म बंद झाले ते योग्यच झाले, सैन्याने गाई कशाला पाळायच्या? पण दुधाचा फार्म आणि तोफेचे वर्कशॉप एकाच मापाने मोजू नकोस. इतके वाचूनही हा फरक तुला सांगावा लागतो, याचा मला राग येतो.

आणि इन्फंट्रीच मिळाली, तर पलटणीत पोचल्यावर शस्त्रे सांभाळणाऱ्या आरमररला भेट. नव्या रायफलींपैकी सिग 716 आणि एके-203 या दोन्ही 7.62 मिलिमीटरच्या, पण एकीच्या काडतुसाची केस 51 मिलिमीटर लांब आणि दुसरीची 39. एकीची गोळी दुसरीत चालत नाही. आधीच्या इन्सास रायफलची 5.56 ची गोळी तिसरीच. रात्री डोंगरावर चुकीची पेटी पोचली, तर शेजारच्या पलटणीकडे भरपूर गोळ्या असूनही तुझ्या जवानाला त्यांचा उपयोग नाही. फायरिंग पिना किती शिल्लक आहेत, रेडिओच्या बॅटऱ्या थंडीत किती तास टिकतात, हे स्वतः पाहा. वहीतला आकडा वाचून समाधान मानू नकोस. मागचे आधी मोज, पुढचे तुला शिकवायला पुष्कळ जण आहेत.

दुसऱ्या रकान्यात काय लिहिलेस ते पत्रानेच कळव. फोनवर तू घाईने हो म्हणतोस.

तुझा,
काका