‘जहाज बुडालेले सैनिक’ की ‘नौकाभग्न’?

मालवणच्या एका वाचकाचा प्रश्न: युद्धात माणसांना कसं वागवावं हे ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांवरच्या मराठी माहितीपत्रकात ‘जखमी, आजारी व जहाज बुडालेले सैनिक’ असं छापलंय. हे बरोबर आहे का? ‘नौकाभग्न’ चालेल का?

व्याकरण चुकलेलं नाही. ‘घर जळालेला माणूस’ म्हणतो, तसंच हे. घोळ अनेकवचनात होतो. ‘बुडालेले’ जहाजालाही लागतं आणि सैनिकांनाही. किनाऱ्यावर ‘तो बुडाला’ म्हणजे गेलाच. करार मात्र जिवंत माणसाबद्दल बोलतो. (‘बुडीत’ शब्द तर बँकांनी कधीच पळवलाय.)

‘नौकाभग्न’चा समासच उलटा पडलाय. मोडली ती नौका, माणूस नव्हे; ‘भग्नहृदय’च्या चालीवर ‘भग्ननौक’ व्हायला हवं, आणि ते कोण म्हणेल? शिवाय आपल्याकडे खडकावर आपटून तारू फुटतं, म्हणून ‘भंग’ चटकन सुचतो. १९४९च्या दुसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम १२ला कारणाशी देणंघेणं नाही. विमान समुद्रात उतरवावं लागलं तरी त्यातले सैनिक याच वर्गात येतात. १९७७च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमध्ये (जिनिव्हा करारांच्या जोडकरारात) नागरिकही आले. तो भारताने स्वीकारलेला नाही, पण त्यातली व्याख्या शब्द निवडायला उपयोगी आहे: स्वतःवर किंवा जहाज-विमानावर ओढवलेल्या आपत्तीमुळे पाण्यात धोक्यात असलेला आणि शत्रुत्वाचं कृत्य न करणारा. नुसता डेकवरून पडलेला खलाशीही यात बसतो. हात वर करून शरण यायची अट नाही. पोहणारा हात वर कसे करणार?

म्हणून ‘समुद्रात संकटात सापडलेले’ लिहावं. लांब आहे खरं, पण वादळात ‘सापडलेली’ होडी आपल्या तोंडी आहेच. ‘आपद्ग्रस्त’ला पंचनाम्याचा वास येतो.

त्याच पत्रकात याहून मोठी चूक असण्याचा संभव आहे, ती दुसऱ्या कराराच्या कलम १८मध्ये बघा. चकमकीनंतर ‘विनाविलंब शक्य ते सर्व उपाय’ करून अशा लोकांना शोधून गोळा करायचं आहे. भाषांतरात याचं ‘शक्य असल्यास’ झालं की कर्तव्याची मर्जी होते. आजचा पेच नेमका ‘शक्य’ या शब्दात आहे. क्षेपणास्त्र क्षितिजापलीकडून सुटतं, मानवरहित बोटीवर माणूस घ्यायला ना जागा ना हात. पाणबुडीची अडचण जुनीच: १९४२मध्ये लॅकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवल्यावर जर्मन पाणबुडी वाचलेल्यांना मदत करत होती, तेव्हा तिच्यावरच अमेरिकी विमानाने बॉम्ब टाकले, आणि मग जर्मन नौदलाने अशी मदत करायलाच मनाई केली. जवळ जाता येत नसेल तर ठिकाण कळवणं, कलम २१प्रमाणे तटस्थ व्यापारी जहाजांना आणि इतर नौकांना हाक देणं, हेही ‘उपाय’च. तिथल्या ‘इतर नौकां’मध्ये तटस्थ देशाचा मच्छीमारी ट्रॉलरही येतो. पण १९०७च्या हेग करारातलं किनारी मच्छीमार होड्यांना शत्रूने पकडू नये हे संरक्षण युद्धात कसलाही भाग घेतला की संपतं. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) वायरलेसवरून बुडणाऱ्यांचं ठिकाण सांगणं वेगळं, आणि शत्रूच्या युद्धनौकेचं सांगणं वेगळं.